नाव नसलेल्या काचा

मुनीर सर वर्गात आले की आधी मनगटावरचं घड्याळ सोडायचे आणि टेबलावर पालथं ठेवायचे. नव्या मुलांना वाटायचं, सर वेळेवर नजर ठेवणार. पण पालथ्या घड्याळात वेळ बघणार कशी? मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सर, मी तासावर नेमलेला माणूस. तास बघत बसलो तर शिकवणं होत न्हाई."

तासावर नेमलेला म्हणजे खरोखरच तासावर. नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत. उन्हाळ्यात घरी, जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज. असे नऊ जून त्यांनी काढले. मी, कंधारकर, त्या विभागाचा प्रमुख होतो, कायम होतो, आणि ते वाचत त्याच्या निम्मंसुद्धा वाचत नव्हतो. हे आज लिहायला फार धाडस लागत नाही. निवृत्त माणसाला कोण जाब विचारतो?

त्यांचे वडील नांदेडच्या इतवारा बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे एक काचेचा खोका आणि त्यामागे एक स्टूल. या म्हाताऱ्याच्या दोन रीती होत्या, आणि मुनीर सर त्या इतक्या वेळा सांगत की स्टाफरूममध्ये आम्ही त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायचो. पहिली रीत अशी की, दुरुस्त केलेलं घड्याळ आठ दिवस खिळ्याला टांगून चालवून बघायचं, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. आणि या आठ दिवसांत वेळ बरोबर आहे की नाही हे आपण ठरवायचं नाही, शेजारच्या अत्तरवाल्याला बघायला सांगायचं. "अब्बा म्हणायचे, आपली नजर आपल्या कामावर फिदा असते. तिला काय इचारायचं?" दुसरी रीत, घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं एक बारीक खूण कोरायची. नाव नाही, गाव नाही, नुसती खूण. पुन्हा ते घड्याळ आलं तर आपणच उघडलं होतं हे आपल्याला कळावं, एवढ्यापुरती.

वडिलांच्या मागे दुकान गेलं, पण हत्यारं सरांनी ठेवून घेतली. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, घड्याळजीचा चिमटा असायचा. कॉलेजात कुणाच्या बोटात लाकडाची कूस गेली की मुनीर सरांना हाक जायची. प्राचार्यांच्या तळहातातली कूससुद्धा त्यांनीच काढली होती. प्राचार्य म्हणाले, "वा मुनीर, तुमचा हात म्हणजे सर्जनचा आहे." त्या जूनमध्ये अर्ज मात्र पुन्हा करावाच लागला.

त्या चिमट्यानं ते खरं म्हणजे अंडी उघडायचे. त्यांचं डॉक्टरेटचं काम होतं कोंबडीच्या पिलाच्या मेंदूवर, म्हणजे मेंदू तयार होतो कसा यावर. हा विषय त्यांनी एकदा तिसऱ्या वर्षाच्या वर्गात समजावून सांगितला तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो, प्रमुखानं वर्षातून एकदा बसायचं असतं म्हणून. त्यांनी फळ्यावर एक नळी काढली.

"हा मेंदू. सुरुवातीला एवढाच. एक पोकळ नळी. हिच्या आतल्या काठाला पेशी दाटीनं उभ्या आहेत. या जनक पेशी. आपण काय व्हायचं हे यांचं अजून ठरलेलं नाही. आता यांना एक निरोप येतो. पुस्तकात त्याला वाढीचा घटक म्हणतात. निरोप सगळ्यांना एकच, बरं का. पण तो ऐकायला पेशीच्या अंगावर ग्राही लागतो. मी त्याला कान म्हणतो. कान नसेल तर निरोप येऊन काय उपयोग?"

मग त्यांनी एका पेशीच्या दोन पेशी काढल्या. एकीच्या अंगावर खूप ठिपके दिले, दुसरीच्या अंगावर दोनचार.

"गंमत इथं आहे. पेशी दुभंगते तेव्हा कान दर वेळी सारखे वाटले जात न्हाईत. कधीकधी एकीच्या वाट्याला जास्त, दुसरीच्या वाट्याला कमी. जिच्याकडं जास्त, ती निरोप ऐकते, वाढते, जागा सोडून बाहेर निघते. दुसरी वेगळ्या वाटेला लागते. दोघी एकाच आईच्या. उंदरात हे लोकांनी बघितलेलं आहे. कोंबडीच्या पिलात हे कितव्या दिवशी सुरू होतं, तेवढंच मला बघायचंय."

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. सरांचा चेहरा उजळला.

"सर, हे परीक्षेला येतं का?"

"न्हाई," सर म्हणाले.

वह्या मिटल्याचा आवाज मला मागच्या बाकापर्यंत आला. मी माझ्या अहवालात लिहिलं, 'विषयांतर टाळावे.' हो, मीच लिहिलं.

अंडी त्यांना दुकानातली चालत नसत, त्यातून पिलू निघत नाही. कोंबडा मोकळा फिरतो अशा घरची गावरान अंडी लागत. त्यासाठी ते सकाळच्या गाडीनं मुदखेडला जायचे. तिथं स्टेशनामागे राहणारी एक बाई भुश्याची पाटी भरून ठेवायची. ती पाटी मांडीवर घेऊन ते परत यायचे, दोन्ही हात पाटीभोवती. एकदा मीही त्या डब्यात होतो. समोरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, एवढी अंडी कशापायी?"

"मेंदू बघायला, बाबा."

"कोंबडीला मेंदू असतो व्हय?"

"असतो की."

"मग ती आपल्यापाशी कामून ऱ्हाते?" म्हातारा म्हणाला, आणि डबा हसला. मुनीर सरही हसले. नंतर महिनाभर त्यांनी तो प्रश्न सगळ्यांना सांगितला.

आमच्या प्रयोगशाळेत गंगाधरमामा म्हणून परिचर होते, मूळचे कंधारचे. वीज गेली की अंडी उबवायच्या पेटीवर गोधडी टाकायचं काम मामांनी आपणहून घेतलं होतं. अंड्याच्या वरच्या कवचाला कानशीनं गोल रेघ मारून चिमट्यानं टिकलीएवढा तुकडा सरांनी पहिल्यांदा उचलला, तेव्हा मामा शेजारी होते. आत तिसऱ्या दिवसाचं पिलू होतं. पिलू कसलं, एक लाल ठिपका, आणि तो ठिपका हलत होता. मामांनी कपाळाला हात लावला. "सर, हे तर जित्तं हाय." त्या दिवसापासून मामांनी अंडं खायचं सोडलं. घरात बायको चिडायची, पण मामा हटले नाहीत.

स्टाफरूममध्ये या सगळ्याची टिंगल चालायची. "काय मुनीर सर, कोंबडीला किती अक्कल ते ठरलं का?" असं कुणी विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, "मोजणी चालू आहे सर. ती झाली की स्टाफरूमची घेतो." हसणाऱ्यांत मी होतो. आणि तरी ते दर शुक्रवारी माझ्या केबिनमध्ये येऊन किती काम झालं हे सांगत. मी प्रमुख म्हणून नव्हे, असं मला वाटतं. ऐकणारा दुसरा कुणी नव्हता म्हणून.

काम किचकट होतं. पिलाच्या मेंदूचे कागदाहून पातळ काप काढायचे, काचेवर चिकटवायचे, मग त्यावर एक औषध घालायचं, जे नेमकं त्या ग्राहीलाच जाऊन धरतं. जिथे कान तिथे तपकिरी रंग. हे औषध हैदराबादचा एक मित्र आपल्या संस्थेतून थोडंथोडं देई, आणि सर ते थर्मासात बर्फ भरून बसनं आणत. वाटेत देगलूरला उतरून रसवंतीवाल्याकडून नवा बर्फ घालत. पाच वर्षांत त्यांनी अशा दोन ट्रे भरून काचा केल्या. तिसऱ्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंतचा मेंदू, काप काप करून.

मग एका शुक्रवारी ते दोन्ही ट्रे घेऊन माझ्याकडे आले.

"सर, माझी मोजणी झाली. दिवस सापडला."

"कितवा?"

"ते सांगणार न्हाई. तुम्हाला मोजायचंय. मी बघितलंय म्हणजे माझी नजर फिदा झालेली असणार. दुसऱ्या डोळ्यांनी मोजलं न्हाई तोवर ते मोजलेलं न्हाई. काचांवरच्या चिठ्ठ्या मी काढून टाकल्या आहेत, कोणती काच कितव्या दिवसाची हे तुम्हाला कळायला नको. कडेला काच कापायच्या हिरकणीनं खुणा कोरल्यात, त्या फक्त मला कळतात. प्रबंधात तुमचं नाव लिहितो."

हसत म्हणालो, "अहो, तुमचे अब्बा आणि त्यांचा अत्तरवाला!" पण हो म्हणालो. त्या हो म्हणण्यावर त्यांची डॉक्टरेट अडकली होती, आणि डॉक्टरेटवर कायम जागा. जागेची जाहिरात पुढच्या वर्षी येणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दोन ट्रे मोजायला मी रोज एक तास दिला असता तर सहा आठवडे लागले असते. मी ते खिडकीत ठेवले. पुढच्या शुक्रवारी ते आले तेव्हा म्हणालो, पुढच्या आठवड्यात बसतो. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच म्हणालो. चार महिन्यांत त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. फक्त खिडकीकडे बघायचे आणि जायचे. ट्रेवर हळूहळू परिपत्रकं, वर्तमानपत्रं, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका साठत गेल्या.

मग मूल्यांकन समिती येणार असल्याचं कळलं. कॉलेजात समिती येते म्हणजे काय हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. भिंती रंगतात, मेलेल्या कुंड्यांना पालवी फुटते. आमच्या विभागात साफसफाईचा प्रमुख मी. आणि आमच्याकडची एक जुनी पद्धत अशी की जुन्या काचा टाकायच्या नाहीत. सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालायच्या, वरची पातळ काच सुटली की ब्रशनं घासायच्या, वर्तमानपत्रावर वाळवायच्या. मग त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना गालाच्या पेशी बघायला चालतात. मुनीर सर त्या दिवशी मुदखेडला गेले होते. मी प्राचार्यांशी फोनवर बोलत होतो. गंगाधरमामा दारात आले.

"सर, खिडकीतल्या टरेमधल्या काचायवर नाव न्हाई. काय करू?"

मी मान वर केली नाही. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणालो, "नाव नसेल ते सगळं धुवायला टाका."

"सगळं?"

"सांगितलं ना एकदा!"

निरोप देणारा मी, ऐकणारे मामा. मामांनी ऐकलं. माझ्या कानावर मात्र माझंच बोलणं पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभागात आलो तेव्हा मुनीर सर आधीच आलेले होते. लांब टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यांवर काचा ओळीनं चकाकत होत्या. सर एक काच उचलत, उजेडाकडे धरत, कडेवरून बोट फिरवत आणि खाली ठेवत. मग दुसरी उचलत. हिरकणीच्या खुणा सोड्यानं जात नाहीत. प्रत्येक काचेवर खूण जशीच्या तशी होती, आणि बाकी काहीच नव्हतं. दारात मामा उभे होते, आणि विभागातली इतर मंडळी जमली होती. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी, एवढा शिकलेला माणूस, तेवीस वर्षं नोकरी झालेला, मामांकडे वळून म्हणालो, "मामा, निदान विचारायचं तरी!"

मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. "चुकलं सर," एवढंच म्हणाले.

मुनीर सरांचं बघणं चालूच होतं. त्यांनी सगळ्या काचा बघून संपवल्या, एकही सोडली नाही. मग हात धुतले, घंटा झाली म्हणून वर्गात गेले, आणि घड्याळ टेबलावर पालथं ठेवून त्यांनी बेडकाचं हृदय शिकवलं. मामांना कार्यालयातून ताकीदपत्र आलं. मसुदा माझा होता.

पुन्हा करायला औषध नव्हतं. हैदराबादचा मित्र परदेशी गेला होता आणि प्रबंध सादर करायची मुदत संपत आली होती. जागेची जाहिरात आली, मुलाखती झाल्या. विभागप्रमुख म्हणून मी टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. कुणीतरी त्यांना विचारलं, "डॉक्टरेट कुठवर आली?" ते म्हणाले, "मोजणी राहिली." मी समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. त्या जूनमध्ये त्यांचा अर्ज आला नाही. लातूरला एका क्लासमध्ये लागल्याचं नंतर कळलं.

मला त्यांना भेटायचं होतं असं म्हणायला आवडेल, पण ते खरं नाही. इतकी वर्षं मी लातूरला लग्नाला गेलो, बारशाला गेलो, आणि ज्या रस्त्यावर क्लास आहेत तो टाळून गेलो. मागच्या वर्षी गंगाधरमामा वारले. मी कंधारला त्यांच्या घरी गेलो. मामींनी आतून एक चिंधीत बांधलेली वस्तू आणली. आत एक कोरी काच होती, कडेला हिरकणीची खूण.

"हे म्हणले व्हते, कंधारकर सरायच्या हातात दे. मुनीर सरायला न्हेऊन द्यायला सांग. तुमी जाताव न्हवं?"

मी हो म्हणालो. हो म्हणणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

नातीच्या प्रवेशाचं निमित्त करून लातूरला गेलो. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना फलक, फलकांवर निकालात आलेल्या मुलांचे चेहरे, खाली मेसची आणि वसतिगृहांची नावं. एका फलकावर मुनीर सर टायमध्ये उभे होते. हॉलमध्ये शेकडो मुलं होती. दोन बॅचच्या मध्ये दहा मिनिटं होती. ते बाहेर आले. केस पिकलेले, शर्टाच्या खिशात चिमट्याच्या जागी माइकचा डबा. मला बघून थांबले.

"या सर. चहा घेता?"

चहा आला. मी हॉलमधल्या भिंतीकडे बघितलं. तिथे लाल आकड्यांचं मोठं घड्याळ उलटं पळत होतं.

"प्रत्येक प्रश्नाला सेकंद बांधलेत," ते म्हणाले. "हे काही पालथं ठेवता येत न्हाई."

मी चिंधी सोडून काच पुढे केली. मामा गेल्याचं सांगितलं. त्यांना ते माहीत होतं, ते मातीला जाऊन आले होते. काच त्यांनी दोन बोटांत धरली, उजेडाकडे नेली, अंगठा कडेवरून फिरवला.

"ही नवव्या दिवसाची."

"मुनीर सर, तो दिवस कोणता होता? तुम्हाला सापडलेला?"

"मला माहीत आहे."

"मग सांगा की."

"कुणाच्या डोळ्यांनी बघून सांगू?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "त्या दिवशी मामांना मी..."

"काचा कोऱ्या दिसल्या त्याच संध्याकाळी मामा माझ्या घरी आले होते. उंबऱ्यावर बसून रडले. तुम्ही काय सांगितलं होतं ते बोलले, आणि म्हणाले, सरांचं नाव कुठं काढू नका, त्यांच्या पोरीचं लग्न ठरून राहिलंय. मी म्हटलं, मामा, सर स्वतः येतील. आठ दिवस वाट बघितली मी, सर. आमच्यात आठ दिवस बघायची रीत आहे, तुम्हाला ठाऊकच आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. लाज वाटते असं आपण सहज म्हणतो. ती काय असते हे मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीत कळलं.

घंटा झाली. मुलं आत शिरू लागली. सरांनी काच पुन्हा चिंधीत गुंडाळली, गाठ मारली आणि माझ्या हातात ठेवली.

"मामांनी ती तुमच्यासाठी..." मी म्हणालो.

"न्हाई सर. मामा दर ईदला माझ्याकडं यायचे. द्यायची असती तर कधीच दिली असती. ही त्यांनी तुम्हाला दिली. राहू द्या तुमच्याकडं. तुमची मोजायची राहिलीय."

ते आत गेले. दार उघडंच होतं. ते व्यासपीठावर चढले, आणि त्यांचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. तिथे घड्याळ नव्हतं. हात क्षणभर तसाच मनगटावर राहिला. मग त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि माइकवरून म्हणाले, "प्रश्न पहिला."